गोळ्या, पाकिटं आणि आमच्या बाकावरची माणसं

आमच्या नोकरीत किस्से साठतात आणि कुणाला सांगता येत नाहीत, ही मोठी पंचाईत आहे. बँकेतला माणूस घरी येऊन बँकेतलं सांगतो, शाळेतल्या बाई शाळेतलं सांगतात. मी सांगवीला घरी पोचते, नवरा चहा ठेवता ठेवता विचारतो, "आज काय विशेष?" आणि मी म्हणते, "काही नाही, गर्दी होती." पोटात मात्र असं काहीतरी घेऊन आलेली असते की दोन घास जास्त जातात.

मी समुपदेशक आहे. पिंपरीतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र आहे, तिथे मी बसते. गोळ्या चुकवायच्या नाहीत, जोडीदाराला कसं सांगायचं, कंडोम कसा वापरायचा, हे मी दिवसभर बोलते. आमच्या टेबलावर एक लाकडी मॉडेल असतं. नवीन माणूस आत आला की आधी ते बघतो, मग छताकडे बघतो आणि मग माझ्याशी बोलतो.

मैत्रिणी म्हणतात, "किती दुःखाचं काम गं तुझं." मी वाद घालत नाही. पण खरं सांगायचं तर मी बहुतेक दिवस थक्क होऊन घरी जाते. आता ज्यांना विचारलं ते "सांगा की, नाव तेवढं बदला" म्हणाले, म्हणून सांगते. नावं सगळी बदललेली आहेत. माणसं तीच.

* * *

आमच्याकडचा एक अलिखित नियम आहे: आपल्या गावच्या केंद्रात कुणी जात नाही. पिंपरीचा पेशंट नदी ओलांडून औंधला जातो, औंधचा आमच्याकडे येतो, आणि राजगुरुनगरचा माणूस चाकणचं सगळं ट्रॅफिक सोसून पिंपरीत येतो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून हा सगळा आटापिटा. अडचण एवढीच की शेजारीही तोच विचार करतो.

एकदा राजगुरुनगरकडचे दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. दोघांच्या तोंडाला रुमाल. एकाला शिंक आली, रुमाल खाली सरकला, आणि दुसरा उठून उभाच राहिला.

"दाजी? तुम्ही इथं?"

"शुगर तपासायला आलोय," दाजी म्हणाले. "तू?"

"मी पण शुगरच."

डोक्यावर केंद्राचा हातभर पांढरा बोर्ड होता, त्यावर काय लिहिलंय ते दोघांनीही वाचलं नाही. नंबर येईपर्यंत दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारत बसले. मी आतून बघत होते. मला वाटलं, आता यातला एक जण केंद्र बदलणार.

पुढच्या महिन्यात दोघं एकाच गाडीवरून आले. त्यातला मेहुणा आमचा अवघड पेशंट होता. मधूनमधून गोळ्या सोडायचा, किती समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून त्याची एक गोळी चुकलेली नाही. मी विचारलं, "हे कसं जमलं?"

तो म्हणाला, "दाजी रोज फोन करतात मॅडम. अख्खं घर ऐकत असतं. फक्त विचारतात, शुगरची गोळी घेतली का रे?"

* * *

वैशाली आमच्याकडे फ्रॉकमध्ये असल्यापासून येते. तिला हा आजार जन्मापासून. आई गेली, मग वडील गेले, चिंचवडच्या मामा-मामींनी वाढवलं. कोणत्या हातावर चांगली शीर सापडते हे ती नवीन सिस्टरला स्वतः सांगते. आता चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तिथल्याच असेंब्ली लाइनवरचा अमोल तिला आवडतो. त्यालाही ती आवडते. लग्नाचं त्यानेच विचारलं.

"ताई, त्याला सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," ती मला म्हणाली. "आणि सांगितलं तर तो राहील का, माहीत नाही."

अशा वेळी आम्ही नाटक बसवतो. म्हणजे मी अमोल व्हायचं आणि तिने मला सांगायचं. सराव झाला की ऐनवेळी जीभ अडखळत नाही. मी खुर्ची वळवली, आवाज जाड केला आणि म्हणाले, "बोल वैशू, काय सांगायचंय?"

"ताई, तो वैशू म्हणत नाही. आणि तो आधी काहीच बोलत नाही. नुसतं 'बरं' म्हणतो."

मी म्हणाले, "बरं."

मग तिने सांगितलं. जन्मापासून आहे, आठवीत असताना मामीने सांगितलं, तेव्हापासून रोज गोळी घेते, गेली काही वर्षं रक्तात विषाणू सापडत नाही, मी तुला फसवणार नाही, तू नाही म्हणालास तर मी समजून घेईन. एका दमात, माझ्या डोळ्यांत बघून. इतकी वर्षं मी लोकांना हे कसं सांगायचं ते शिकवते. याहून चांगलं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, अमोल रडत नाही. तू नीट कर ना."

त्या रविवारी निगडीच्या टेकडीवर तिने खऱ्या अमोलला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." तिला गाडीवरून घरी सोडलं. आणि मग त्याचा फोन येईना.

* * *

त्याच आठवड्यात शिंदे आले. शिंदे मूळचे परभणीकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. त्यांना लागण आहे, बायकोला नाही. माणूस अत्यंत शिस्तीचा. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तुमच्या मालात रिजेक्शन फार आहे."

"कसला माल?"

"पाकिटं हो. निम्मी बाद करावी लागतात."

खोदून विचारल्यावर कळलं. शिंदे इथून कंडोमची पाकिटं घेऊन जात, आणि घरी पोचल्या दिवशीच सगळीच्या सगळी फोडत. एकेक कंडोम ट्यूबलाइटसमोर धरून बघायचा, त्यात पाणी भरायचं, वाळवायचा, पावडर लावायची आणि पास झालेला माल स्टीलच्या डब्यात ठेवायचा. शंभर टक्के इन्स्पेक्शन. डब्यावर मार्करने 'ओके' लिहिलेलं!

मी डोकं धरलं. मग त्यांना समजावलं, की पाकीट फोडलं की त्यातलं वंगण सुकतं, रबर खराब होतं. पाकीट ऐनवेळीच फोडायचं. आधी फक्त तारीख बघायची आणि बोटाने दाबून आत हवा आहे का ते बघायचं. बाकीची तपासणी कारखान्यात झालेली असते.

शिंदेंना हे पटेना. "म्हणजे सप्लायरच्या भरवशावर राहायचं? आमच्यात चालत नाही असं."

"शिंदे, पण तुम्ही एवढं करत का बसलात? आधी विचारायचं तरी."

ते म्हणाले, "मॅडम, कंपनीत माझ्या हातून खराब पार्ट पुढं गेला तर लाइन थांबते, शिव्या बसतात, संपलं. इथं पुढं ती आहे."

मी लगेच त्यांच्या बायकोला बोलावून तपासणी करून घेतली. शिंदेंच्या गोळ्या एकदम नियमित, त्यामुळे तिचा रिपोर्ट निगेटिव्हच आला. तो हातात घेऊन त्यांनी उजेडासमोर धरून पाहिला. सवय जाते कुठे.

* * *

अमोल आला तो एका दुपारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, कंपनीचा निळा शर्ट आणि सेफ्टी शूज तसेच. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, माझी मैत्रीण तुमच्याकडे येते. तिचं नाव मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. मला फक्त शिकवा."

कुणी तरी याला आमचा गुप्ततेचा नियम पाठ करवून पाठवलंय, असं मला वाटलं, तसं विचारलंही. तो म्हणाला, नाही, मोबाइलवर वाचलं. तिथे इतकं उलटसुलट होतं की डोकं फिरलं, म्हणून इथं आलो.

मी सुरुवातीपासून सांगितलं. डब्यातलं जेवण, एकच ग्लास, मिठी, मुका, डास, यातून हा आजार पसरत नाही. शरीरसंबंधातून पसरू शकतो. पण गोळ्या रोज घेतल्या आणि तपासणीत विषाणू सापडत नाही असं येत राहिलं, तर संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. तरी तपासण्या वेळेवर करायच्या. कंडोम वापरायचा, बाकीचे आजार असतात, आणि मूल कधी हवं तेही आपल्या हातात राहतं. लाकडी मॉडेलवर करून दाखवलं. त्याने छताकडे पाहिलं नाही. स्वतः करून बघितलं, पहिल्यांदा उलटं लावलं, मग नीट जमलं.

"म्हणजे मॅडम," तो हिशेब जुळवत म्हणाला, "माझी सेफ्टी तिच्या शिस्तीवर आहे."

"बरीचशी. थोडी तुमच्याही."

"मग मला टेन्शन नाही. मी तिच्यासारखी शिस्त आमच्या सेफ्टी ऑफिसरकडे पण पाहिली नाही."

"तुमचीही एक तपासणी करून घ्या," मी म्हणाले. हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो.

"पुढच्या वेळी. आता बस चुकेल," म्हणून तो गेला. त्या संध्याकाळी त्याने वैशालीला फोन केला. मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मी काही माहीत नसल्यासारखं "हो का?" म्हणाले.

* * *

भागवत ट्रक चालवतो. चाकणहून माल भरतो आणि पार गुजरातपर्यंत जातो. घर बीडकडच्या एका गावात. त्याला लागण आहे, बायको रुक्मिणीला नाही. तिला सगळं माहीत आहे.

एकदा मी त्याला पाकिटं द्यायला लागले तर म्हणाला, "नको मॅडम, हायेत. बायकोनं बांधून दिलीत." त्याने पिशवी उघडून दाखवली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गोळ्यांची बाटली आणि चटणीच्या पुडीशेजारी पाकिटं. गावच्या आशाताईंकडून तिने स्वतः मागून आणलेली.

मला राहवलं नाही. त्याच्याच फोनवरून, त्याची परवानगी घेऊन, मी रुक्मिणीशी बोलले. विचारलं, "बाई, नवरा रस्त्यावर असताना त्याच्या पिशवीत तुम्ही हे ठेवता. जिवाला लागत नाही का?"

"लागतंय की," ती म्हणाली. "रागबी लई येतो. त्यो घरला आला की म्या दोन दोन दिस बोलत न्हाई त्येच्यासंगट."

"मग?"

"मग काय? त्यो माजा राग हाय, म्या घरात काढते. रस्त्यावर ज्या बाया बसत्यात त्यांचीबी लेकरं असत्यात. त्यांच्या अंगात कशापायी घालू माज्या घरचं?"

भागवत खिडकीबाहेर बघत होता. फोन स्पीकरवर होता हे मी तिला आधीच सांगितलं होतं. मला वाटतं तिने ते नीट ऐकूनच उत्तर दिलं. अलीकडे तो गावाजवळचे फेरे मागून घेतो म्हणे.

* * *

पुनावळ्याचे नाना आणि आजी आमचे जुने पेशंट. दोघांनाही लागण आहे. पूर्वी शेती होती, आता त्या शेतात टॉवर उभे आहेत आणि एका टॉवरमध्ये हे राहतात. आमच्याकडे नवीन डॉक्टर आल्या होत्या, तरुण, फार सालस. त्यांनी दोघांचं वजन पाहिलं, गोळ्या विचारल्या, खोकला विचारला, आणि "या आता" म्हणाल्या.

आजी उठेचनात. "व्हय गं डॉक्टरीण, आमच्या आदी जी जोडी आली तिला लई येळ समजावलंस. आमाला न्हाई समजावलं ते."

डॉक्टर लाजल्या. "आजी, ते कंडोमबद्दल होतं. म्हणजे आता तुम्हाला या वयात…"

"या वयात काय? जन्मभर एका खोलीत बारा माणसं झोपली. आता कुटं आमाला येगळी खोली घावलीया."

नाना एकदम पंख्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून समजावलं, दोघांना लागण असली तरी कंडोम का वापरायचा तेही. आजींनी दोन शंका विचारल्या. त्या इथे लिहीत नाही, पण नेमक्या होत्या.

याच आजी शनिवारी आमच्या गटाच्या बैठकीला येतात. तिथे पेशंट एकमेकांशी मोकळं बोलतात. वैशालीने तिथे सांगितलं, की अमोल तयार आहे, आता लग्न होईल. सगळे खूश झाले. आजींनी विचारलं, "सासूला म्हाईत हाय का?"

"नाही आजी. अमोल म्हणतो, नंतर कधीतरी सांगू. वडील नाहीत त्याला, आईनेच वाढवलंय. ती नाही म्हणाली तर तो तिला तोडू शकत नाही."

"मग गोळी काय जन्मभर न्हाणीत जाऊन गिळणार का?" आजी म्हणाल्या. "माझी सून आली तवा मी पयल्याच आठवड्यात तिला समोर बसवलं. म्हनलं, तुझ्या सासूच्या अंगात हे हाय, ऐकून घे, मंग ठरव माझ्या हातचा चा प्यायचा का न्हाई."

"मग?"

"तिनं माझाच कप उचलला आन् प्यायली. म्हनली, साखर कमी हाय."

बैठक संपल्यावर वैशाली माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, त्याच्या आईला सांगून होणार असेल तर लग्न होईल. नाहीतर नाही."

* * *

अमोलने महिनाभर टाळलं. मग एका सकाळी तिघं आली. अमोल, वैशाली, आणि अमोलची आई. बाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात. नवरा गेल्यावर त्याच कमाईवर दोन पोरं शिकवली. हातात कापडी पिशवी, डोळ्यांत अजिबात न हलणारी नजर. "जय भीम, ताई," म्हणाल्या आणि बसल्या. पोराने इथपर्यंत का आणलं, हे त्यांना माहीत नव्हतं. बाहेरचा बोर्ड मात्र त्यांनी वाचला होता. त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसत होती.

वैशालीला मी विचारलं, "मी सांगू का?" ती म्हणाली, "नको, मीच सांगते."

तिने सांगितलं. माझ्यासमोर सरावात सांगितलं होतं तसंच, काही न लपवता. मधे एकदा पाणी प्यायली, पुढे बोलली. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्हाला फसवून मी तुमच्या घरात येणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही."

अशा वेळा मी खूप पाहिल्यात. पर्स उचलून उठलेल्या आया पाहिल्यात, पोराला हाताला धरून ओढत नेणाऱ्या पाहिल्यात.

बाईंनी विचारलं, "माझ्या पोराला होईल का?"

वैशालीने मान हलवून मला बोलायला सांगितलं. मी सगळं समजावलं. गोळ्या, तपासणी, सापडत नाही म्हणजे काय, कंडोम.

"लेकरंबाळं?"

डॉक्टरांना विचारून, औषधं चालू ठेवून नीट केलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी, हेही सांगितलं.

अमोल मधेच म्हणाला, "आई, मी सगळं शिकून घेतलंय. मला काही…"

"तू गप." बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, हिचं मला सगळं कळलं. लहानपणापासून तपासत्यात, काय आहे, काय नाही, सगळं सांगितलं पोरीनं. ह्याचं काय?"

"म्हणजे?"

"ह्याची तपासणी झाली का?"

पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. मी अमोलकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही झाली. सेकंड शिफ्ट होती, मग…"

"चार पोरांत चाकणला रूम करून राहिलास. तिथं काय केलंस, काय नाही, मी बघायला आले होते का?" बाईंचा आवाज चढला नाही. कँटीनमध्ये पोळ्यांचा ढीग संपवताना असेल तसाच होता. "आई नाही, बाप नाही, एकटी पोरगी सगळं उघडं करून बसलीय समोर. आणि आपण न तपासता जायचं तिला मागायला? काढा ताई ह्याचं रक्त."

"मावशी, मला तसं काढता येत नाही. कायद्याने त्याची स्वतःची संमती लागते. कुणी जबरदस्ती करायची नाही, आईनेसुद्धा."

बाईंना ते पटलं. पिशवी उचलून त्या वैशालीला घेऊन बाहेर गेल्या. मी दार लावलं आणि अमोलला विचारलं, "तुम्हाला करायची आहे का? नाही म्हणालात तरी चालेल."

तो खाली मान घालून म्हणाला, "करायचीच होती मॅडम. मला सुईची भीती वाटते. हे तिला कसं सांगू? ती लहानपणापासून टोचून घेतेय."

रक्त काढताना तो पांढराफटक पडला. त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून वैशालीला आत बोलावलं. तिने त्याचा दुसरा हात धरला आणि सिस्टरला म्हणाली, "त्याला बघू देऊ नका, बोलत राहा."

रिपोर्टला वेळ होता. तिघं बाहेर बाकावर बसली. मी पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात आले, तर अमोलच्या आईने पिशवीतून पोळीचा डबा काढून वैशालीच्या मांडीवर ठेवला होता. अमोलला दिला नव्हता.

"खा," त्या तिला म्हणत होत्या. "रिपोर्ट येऊ दे. तो तू स्वतः बघ. मग घरी जा, मामीशी बोल, चार दिवस घे. आणि निरोप पाठव आम्हाला, पोरगा पसंत आहे का नाही ते."